सात मिनिटांचा कुत्रा

परक्या भाषेत बोललेलं खोटं हे खोटं असतं का? हा प्रश्न खरं तर मोठमोठ्या तत्त्वज्ञांना पडायला हवा होता. पण त्यांच्यापैकी कुणाचीच पुतणी डोंबिवलीत राहून फ्रेंचच्या परीक्षेला बसलेली नसल्यामुळे तो माझ्या वाट्याला आला. इमॅन्युएल कांटने १७९७ साली एक निबंध लिहून बजावलं, की खुनी दारात येऊन तुमच्या मित्राचा ठावठिकाणा विचारू लागला तरी खोटं बोलू नका. पण खुनी फ्रेंचमध्ये विचारू लागला आणि आपलं फ्रेंच पंधरा वाक्यांत आटपणारं असलं, तर काय करायचं?

आमच्या ठाणे-डोंबिवली पट्ट्यात फ्रेंचला सध्या बरे दिवस आहेत. पूर्वी हुशार मुलाने आठवीत संस्कृत घ्यायचं, अशी रीत होती. कारण विचारलं तर घरचे कालिदासाचं नाव सांगत. खरं कारण गुण. आता फ्रेंच घेणाऱ्यांचे आईवडील कॅनडाचं नाव सांगतात. खरं कारण तेच. शाळेतल्या फ्रेंचने भूक भागली नाही, की मुलं ‘डेल्फ’ला बसतात. फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाने १९८५ साली सुरू केलेली ही परीक्षा. ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशा तिच्या पायऱ्या. ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं यांना प्रत्येकी २५ गुण. एकूण १०० पैकी ५० हवेत आणि कुठल्याही भागात ५ च्या खाली घसरायचं नाही. पास झालात, की प्रमाणपत्राला मुदत नाही, जन्मभर चालतं. आमच्या बँकेतल्या एकाही मुदत ठेवीला हे भाग्य नाही.

खरी गंमत आहे ती बोलण्याच्या परीक्षेत. ए-वनला ती पाच ते सात मिनिटांत उरकते. आधी स्वतःविषयी सांगायचं, मग चिठ्ठ्यांवरचे शब्द पाहून परीक्षकालाच प्रश्न विचारायचे, आणि शेवटी दुकानात जाऊन खरेदी केल्याचं नाटक करायचं. या खरेदीसाठी लुटुपुटूच्या नोटा आणि नाणी मिळतात. हे ऐकून माझ्या अंगावर काटाच आला. आमच्या काउंटरवर बनावट नोट आली, तर तिच्यावर शिक्का मारून ती जप्त करावी लागते. इथे तीच पुढे सरकवली, तर समोरचा ‘मेर्सी’ म्हणून वर गुण देतो!

पण नोटांचं सोडा. पुतणीची तयारी ऐकली आणि माझ्या लक्षात आलं, की नोटांपेक्षा माणसं जास्त बनावट आहेत.

क्लासच्या बाईंनी सगळ्या मुलांना साधा हिशेब सांगून ठेवला आहे: परीक्षक भाषा तपासतो, घरी चौकशीला येत नाही. जे सांगता येतं, तेच आपल्या घरी आहे असं धरून चाला. त्यामुळे माझा सख्खा भाऊ, जो गेली वीस वर्षं लोकांच्या घरचे मीटर तपासतो, तो फ्रेंचमध्ये डॉक्टर झाला. पुतणी दर रविवारी कल्याणला मावशीकडे जाते आणि कुरडया घेऊन येते. कुरडईला फ्रेंच शब्द सापडेना, म्हणून मावशीच रद्द झाली आणि रविवारी पोहणं सुरू झालं. शिवाय घरात एक कुत्रा आला. ‘जे अं शियँ’: माझ्याकडे एक कुत्रा आहे. उच्चाराला सोपा, खायला काही मागत नाही.

मी म्हटलं, “अगं, हे सगळं खोटं आहे.”

“काका, खोटं नाही, प्रॅक्टिस आहे,” ती म्हणाली. “तू व्याकरण बघ ना!”

मला फ्रेंच व्याकरण कळत नसल्यामुळे मी नीतिशास्त्राकडे वळलो. तिच्या बाजूने बोलायचं, तर गडकरी रंगायतनमध्ये खलनायकाचं काम करणाऱ्याला नाटक संपल्यावर कुणी ठाणे पोलिसांच्या ताब्यात देत नाही. पण नट दुसऱ्याचं नाव घेऊन रंगमंचावर येतो. इथे पहिलं वाक्य स्वतःच्या नावाचं. ते ओळखपत्राशी जुळावं लागतं. दुसऱ्या वाक्यापासून मोकळं रान. धर्मराज एकदाच अर्धवट बोलला, तर त्याचा अधांतरी चालणारा रथ जमिनीला टेकला. आमच्या मुलांचा रथ मुळात डोंबिवली लोकल असल्यामुळे तो आणखी खाली यायला जागा नाही.

आणि दोष एकट्या फ्रेंचला का द्या? मराठीच्या पेपरात पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी फाटक्या पुस्तकाचं आत्मवृत्त डोळ्यांत पाणी आणून लिहिलं आहे, पूरग्रस्ताचं मनोगत चौथ्या मजल्यावर बसून लिहिलं आहे. परीक्षा नावाची गोष्टच अशी, की तिथे खरं-खोटं अभ्यासक्रमाबाहेर असतं. गुण वाक्याला मिळतात.

हे मी जवळजवळ मान्य केलं होतं. पण घरात आमची आई असते. महिनाभर ती पलंगावर बसून नातीचं पाठांतर ऐकत होती. एकदा तिने विचारलं, “यात तू घरातल्या सगळ्यांचं सांगतेस ना गं? मग मी कुठं येते?”

पुतणी गप्प झाली. आजी कुठेच येत नव्हती. आजीबद्दल सांगायचं म्हणजे तिची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, तिची भिशी, पहाटे चारला उठून केलेली खुडबुड. एवढं फ्रेंच कुणाला येतंय? म्हणून कुत्रा राहिला आणि आजी गेली.

कुत्रा असल्याचं सांगणं ही थाप होती. आजी नसल्याचं भासवणं हे मात्र कुणालाच थाप वाटलं नाही, कारण त्यात एकही शब्द उच्चारलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पुतणीने बाईंना विचारून एक वाक्य आणलं: ‘मा ग्राँ-मेर आबीत आवेक नू.’ माझी आजी आमच्याबरोबर राहते. पाच-सहा शब्दांचंच होतं. आईने ते तीनदा म्हणून घेतलं आणि म्हणाली, “ग्राँ-मेर म्हणजे मी होय? बरं आहे.”

मिशेल द माँतेन हा निबंध लिहिणाऱ्या आम्हा सगळ्यांचा मूळपुरुष. वडिलांनी त्याला तान्हेपणापासून लॅटिन बोलणाऱ्या शिक्षकाच्या हवाली केलं. नोकरचाकरांनाही त्याच्याशी लॅटिनच बोलायची ताकीद होती. म्हणजे फ्रेंच त्यालाही मागाहून शिकावी लागली. आणि १५८० साली त्याने आपल्या निबंधांचं पुस्तक काढलं, स्वतःच्या खोडी-सवयींसकट सगळं मोकळेपणाने सांगितलं, ते फ्रेंचमध्ये. भाषा जन्माने आपली होत नाही, प्रमाणपत्रानेही होत नाही. तिच्यात एखादी खरी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, त्या दिवशी ती आपली होते. मग व्याकरण चुकलं तरी चालतं.

पुतणीच्या उत्तरात आता आजी आहे. भाऊ अजून डॉक्टर आहे. त्याचीही हरकत दिसत नाही. कुत्राही आहे. प्रमाणपत्र मिळालं तर जन्मभर पुरेल. कुत्र्याला मात्र परीक्षकाच्या खोलीबाहेर पडलं, की पुढे आयुष्य नाही.