अडथळा किती उंच असावा?

परीक्षेत मागे पडलेल्या मुलाला आपण सहज सांगतो, "आत्मविश्वास ठेव." पण तो त्याने आणायचा कुठून?

मैदानावर हर्डल्स शिकवतात ते पाहावे. पुरुषांच्या ११० मीटर शर्यतीत १० अडथळे असतात, प्रत्येकी १०६.७ सेंटिमीटर उंच. नवख्याला कोणी पहिल्याच दिवशी त्यांच्यापुढे उभे करत नाही. आधी बुटका अडथळा, तोही थांबून उडी न मारता धावता धावता ओलांडायचा. पुढचा पाय सरळ, मागचा गुडघ्यात दुमडून बाजूने. दोन अडथळ्यांमध्ये तीनच ढांगा. हे जमले की उंची वाढते. भीती उपदेशाने जात नाही, सरावाने जाते. आपल्या मराठवाड्याच्या तेजस शिरसेने २०२४ साली फिनलंडमध्ये १३.४१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, त्यामागेही असाच सराव आहे.

आपण धाराशिवचे पालक मात्र दोन चुका करतो. एक तर मुलाचा अडथळाच उचलून बाजूला ठेवतो, नाहीतर शेजारच्या मुलाकडे बोट दाखवून तो एकदम उंच करतो. पहिल्याने मूल शिकत नाही, दुसऱ्याने ते धावणेच सोडते. अडथळा तात्पुरता खाली घेणे म्हणजे लाड नव्हेत.

या शर्यतीचा एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. ओलांडताना चुकून अडथळा पडला तर धावपटू बाद होत नाही. बाजूने वळसा घालणारा बाद होतो. आपल्या घरात कोणाला बोलणी बसतात? प्रामाणिकपणे अडखळणाऱ्याला, की वळसा घालून पहिला येणाऱ्याला? आज घरी गेल्यावर याचा विचार करू या.