काठी नव्हे, हात

शास्त्रपाठ : २ राजे ४:१८-३७



शूनेमकरणीचे लेकरू भर दुपारी आईच्या मांडीवर मरण पावले. अलीशा दूर कर्मेल डोंगरावर होता. त्याने आपली काठी देऊन गेहजीला पुढे धाडले. काठी मुलाच्या तोंडावर ठेवली, पण काही झाले नाही. मग अलीशा स्वतः आला, त्याने प्रार्थना केली आणि आपले अंग त्या देहाला लावले.

गुजरातेत २९ ऑगस्ट २००७ रोजी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली आणि सुरतेचा फोन अहमदाबादजवळच्या केंद्रात घेतला जाऊ लागला. पण उधना किंवा लिंबायतच्या गल्लीत कोणाचे हृदय बंद पडले, तर गाडी येईपर्यंत काय करावे? दर मिनिटाला वाचण्याची आशा घटत जाते. म्हणून फोन घेणाऱ्यानेच जवळच्या माणसाला छाती दाबण्यास सांगावे, ही पद्धत अमेरिकेत सिॲटलच्या परिसरात १९८० च्या दशकात रुजली व पुढे अनेक देशांत पसरली. तो विचारतो : माणूस शुद्धीवर आहे काय? श्वास नीट चालतो काय? अधूनमधून लागणारे आचके म्हणजे श्वास नव्हे. दोन्ही उत्तरे 'नाही' असली, तर तो सांगतो : उताणे निजवा. छातीच्या मधोमध तळहाताचा मनगटाकडील भाग ठेवा, त्यावर दुसरा हात ठेवा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान पाच सेंटिमीटर खोल दाबा. मदत येईपर्यंत थांबू नका.

सांगणाऱ्याला रोगी दिसत नाही, त्याला स्पर्शही करता येत नाही. जवळच्याने ऐकून हात पुढे केला नाही, तर त्याचे शब्द व्यर्थ जातात. देवाच्या वचनाचे आपल्या हातून असेच होत नाही काय? आपण वर्गणी देतो, निरोप धाडतो. म्हणजे काठीच पाठवतो. परक्याच्या अंगाला हात लावताना मात्र तो कोण, कुठला, हे आधी विचारतो. शोमरोन्याने ते विचारले नाही.

मंडळीतील तरुण संघाने व महिला मंडळाने एखाद्या डॉक्टरांना बोलावून हे शिकून घ्यावे.

आणि ज्यांनी हात लावला, तरीही माणूस गेला, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. जीवन देणे प्रभूच्या हाती आहे. आपल्याकडे तो आज्ञापालन मागतो, आणि ते तुम्ही केले आहे.

प्रभू आपले हात त्याच्या सेवेस सिद्ध करो. आमेन.