लागणीची तारीख

देवळाली प्रवराच्या शिवारात एका वस्तीवर दोन चुलतभाऊ राहत. दोघेही २००४ सालचे. एकाचा जन्म २ जानेवारीचा, दुसऱ्याचा २८ डिसेंबरचा. घरात त्यांना थोरला आणि धाकला अशीच हाक होती. साल एकच, म्हणून लोकांना ते बरोबरीचे वाटत. पण दोघांत जवळजवळ पुऱ्या वर्षाचं अंतर होतं.

शाळेत ते अंतर दिसायचं. थोरला आठवीत, धाकला सातवीत. त्यामुळे आपल्या वर्गात धाकला वयाने मोठ्या पोरांत मोडायचा. गणितात पुढे, वर्गाचा मॉनिटर, पाठांतराला पहिला हात त्याचा. "हुशार आहे हो पोरगा," असं बाई घरी सांगायच्या. त्या हुशारीत वाढीव महिन्यांचा वाटा किती, हे कुणी विचारलं नाही. फायद्याचा हिशेब कोण मागतो?

२०१७ साली १७ वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक भारतात भरला. त्यातले काही सामने नवी मुंबईत होते. त्या निमित्ताने राज्य सरकारने शाळाशाळांना फुटबॉल वाटले आणि १५ सप्टेंबरला महाराष्ट्रभरातली पोरं एकाच दिवशी मैदानावर उतरवली. कोल्हापूरला या खेळाचं अप्रूप नाही. तिथे पेठापेठांचे संघ आहेत, आणि भारताच्या त्या विश्वचषक संघातही कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. राहुरी तालुक्यातली ही पोरं मात्र क्रिकेट-कबड्डीवर वाढलेली. शाळेत नवे चेंडू आले तेव्हा पहिले काही दिवस नुसता धुरळा उडाला. चेंडू जिकडे, तिकडे सगळी शाळा.

त्या घोळक्यात धाकला नसायचा. तो बाजूला, मोकळ्या जागेत हात वर करून उभा राहायचा. चेंडू त्याच्याकडे क्वचितच यायचा. आला की मान वळवून आधी बघायचा, एका पायाने चेंडू मोकळ्या पोराकडे सरकवायचा आणि पुन्हा दुसरी मोकळी जागा गाठायचा. टाळ्या पडायच्या त्या गोल मारणाऱ्याला.

मग आंतरशालेय स्पर्धेसाठी संघ निवडायची वेळ आली. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. त्या वर्षी १४ वर्षांखालच्या गटाची अट होती : जन्म १ जानेवारी २००४ रोजी किंवा त्यानंतरचा. दोघेही भाऊ अटीत बसत होते. थोरला गटातला सगळ्यांत मोठा, धाकला त्या सालातला जवळजवळ शेवटचा.

खेळाच्या सरांनी मैदानावर फक्कीची रेघ मारली. आधी धाव, मग लांब किक, मग दोघादोघांना खांद्याला खांदा लावून चेंडूवर सोडलं. थोरल्याने तिन्हींत बाजी मारली. धाकला धावेत मागे राहिला, त्याची किक अर्ध्यात पडली, आणि तिसऱ्या वेळी तर पहिल्याच धक्क्याला तो भुईवर आला. सरांनी १६ नावं वाचली. त्यात त्याचं नव्हतं.

सर मनाने चांगले होते. त्यांनी त्याच्या पाठीवरची माती झटकली आणि म्हणाले, "अंगात जरा भर येऊ दे रे. पुढच्या वर्षी बघू."

पण पुढच्या वर्षी अटीची तारीख १ जानेवारी २००५ होणार होती. धाकला चार दिवसांच्या फरकाने गटाबाहेर जाणार होता. म्हणजे एकदम १७ वर्षांखालच्या गटात, २००२ साली जन्मलेल्या दाढीमिशा फुटू लागलेल्या पोरांसमोर. आणि १ जानेवारी २००५ ला जन्मलेलं पोर मात्र १४ च्याच गटात राहून सगळ्यांत मोठं ठरणार होतं.

हा हिशेब धाकल्याच्या वडिलांनी रात्री जेवताना मांडला. म्हणाले, "चार दिवसांचाच तर प्रश्न आहे. दाखल्यावर तारीख थोडी पुढं सरकवून घेऊ. कुणाला कळतंय?"

आजोबांनी, म्हणजे आबांनी, हातातला घास ताटात ठेवला.

"आबा, असं बघू नका. तुमची तरी जन्मतारीख कुठं खरी आहे?"

हे खरं होतं. आबांच्या कागदांवर १ जून होती. त्या पिढीत जन्माची नोंद कुणी ठेवत नसे. पोर शाळेत आणलं की गुरुजी उंची बघून वय धरायचे आणि शाळा जूनमध्ये सुरू व्हायची म्हणून जूनचीच तारीख टाकायचे. गावोगावचे म्हातारे त्यामुळे एकाच दिवशी जन्मलेले दिसतात.

आबा हसले. मग म्हणाले, "माझी नोंदच नव्हती, म्हणून गुरुजींनी अंदाजानं तारीख लावली. त्यात कुणाची जागा गेली नाही. ह्याची नोंद नगरपरिषदेत आहे. ती तू हलवलीस, तर पुढल्या वर्षी एका पोराची जागा हा खाईल. ते पोर कुणाचं, हे तुला ठाऊकसुद्धा नसेल. आज आपलं पोर रडतंय ना, तसंच ते रडंल."

वडील गप्प बसले. तारखेचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

दोन दिवसांनी थोरल्याच्या अर्जावर सही घ्यायला सर वस्तीवर आले. चहा झाल्यावर आबा त्यांना बांधावर घेऊन गेले. बांधाच्या अलीकडचा ऊस माणसाच्या डोक्यावरून गेलेला, पलीकडचा छातीइतका.

"सर, यातला चांगला ऊस कोणता?"

सरांनी उंच उसाकडे बोट दाखवलं.

"तो आडसाली आहे. गेल्या वर्षीच्या जुलैत लावलेला. पलीकडचा सुरू, यंदाच्या फेब्रुवारीतला. बेणं एकच, पाणी एकच, खतही एकच. कारखान्याचा चिटबॉय नोंद घ्यायला येतो, तेव्हा उसाची उंची लिहीत नाही. लागणीची तारीख लिहितो. तोडीचा नंबर त्या तारखेवर लागतो. साखर किती, ते उतारा निघाल्यावर कळतं. उंच दिसतो म्हणून आडसाली भारी आणि सुरू हलका, असं बोलणाऱ्याला आम्ही शेतकरी म्हणत नाही." आबा जरा थांबले. "तुम्ही त्या दिवशी पोरं निवडली. त्यांची लागणीची तारीख बघितली होती का?"

"अर्जावर असतेच की, आबा."

"असते. बघितली होती का?"

सरांनी त्या रात्री निवडलेल्या १६ पोरांचे अर्ज पुढ्यात घेतले. बहुतेक पोरं जानेवारी ते एप्रिलमधली निघाली. ऑक्टोबरनंतरचं एकही नाही. देवळालीत आणि आसपासच्या वस्त्यांवर गुणी पोरं फक्त वर्षाच्या पहिल्या चार महिन्यांत जन्मतात, असं तर नव्हतं.

सर वाचणारे होते. त्यांनी शोध घेतला, तेव्हा हा घोळ जगभरचा असल्याचं त्यांना कळलं. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सले यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं होतं, की तिथल्या आइस हॉकीच्या निवडक संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांचीच गर्दी आहे. ऑस्ट्रेलियात १९८८ मध्ये फुटबॉलच्या वयोगटाची तारीख १ जानेवारीवरून १ ऑगस्टवर नेली, आणि पुढे तिथल्या संघांत ऑगस्टनंतर जन्मलेल्यांची गर्दी झाली. तारीख हलली, तसे 'गुणी' पोरांचे महिनेही हलले. मोठं पोर निवडलं जातं, त्याला जास्त सराव आणि जास्त सामने मिळतात, आणि सुरुवातीला फक्त वयाचा असलेला फरक वर्षा-दोन वर्षांत खरोखर खेळाचा होऊन बसतो. लहान पोर तोवर खेळ सोडून गेलेलं असतं.

२०१७ मध्येच प्रसिद्ध झालेला नेदरलँड्सचा एक प्रयोग सरांना फार पटला. निवड करणाऱ्यांना पोरांच्या जन्मतारखा कागदावर देऊन पाहिल्या, तरी त्यांची नजर मोठ्या पोरांकडेच गेली. पण जर्सीचे नंबर वयाच्या क्रमाने दिले आणि तसं त्यांना सांगितलं, तेव्हा हा पक्षपात दिसेनासा झाला. खेळ चालू असताना वय डोळ्यांसमोर राहिलं, एवढाच फरक.

सरांनी २००४ सालच्या सगळ्या पोरांना पुन्हा मैदानावर बोलावलं. कागदावर नंबर लिहून टाचणीने छातीवर लावले. सगळ्यांत मोठ्याला एक, मग वयाने उतरत. थोरल्याला एक नंबर मिळाला, धाकल्याला शेवटचा. या वेळी धाव नाही, धक्काबुक्की नाही, नुसता खेळ.

एक नंबरने दोन गोल मारले. सरांनी वहीत लिहिलं, 'चांगला, शिवाय सगळ्यांत मोठा.' मग चेंडू शेवटच्या नंबरकडे आला. तीन दांडगी पोरं त्याच्यावर धावली. धाकल्याने चेंडू अडवलाच नाही. अंगठ्याच्या कडेने डावीकडे सारला, जिथे त्याने आधीच एक मोकळा भिडू हेरून ठेवला होता. तिघंही रिकाम्या जागेवर येऊन आदळली. असं पुन्हा घडलं, आणि आणखी एकदा घडलं. हे पोर पहिल्या दिवसापासून असंच खेळत होतं. सरांना ते आज दिसलं.

यादीत दोन नावं बदलली. धाकला राखीव म्हणून संघात आला. सरांनी आणखी एक नियम केला : सरावाच्या सामन्यात प्रत्येक पोर निदान अर्धा वेळ खेळेल, आणि आठवड्यातून एकदा वर्गावर नाही, तर अंगापिंडावर जोड्या लागतील. बेल्जियमने तर उशिरा वाढणाऱ्या पोरांसाठी वेगळे राष्ट्रीय संघ ठेवले आहेत. शाळेला एवढं तरी जमण्यासारखं होतं.

स्पर्धेत संघ दुसऱ्याच सामन्यात हरला. धाकला शेवटची दहा मिनिटं खेळला.

पुढच्या वर्षी दोघेही भाऊ १७ वर्षांखालच्या गटात गेले. तिथे थोरला सगळ्यांत मोठा राहिला नाही. ज्या ताकदीवर तो इतकी वर्षं जिंकत आला होता, ती आता समोरच्या प्रत्येकाकडे त्याच्याहून जास्त होती. तो पहिल्यांदाच धक्का खाऊन पडला, आणि पहिल्यांदाच त्याने धाकल्याला विचारलं, "तू चेंडू येण्याआधी बघतोस तरी काय?" संध्याकाळी अंगणात धाकला त्याला शिकवू लागला. लहान राहिल्यामुळे जे त्याला शिकावं लागलं होतं, ते मोठ्या भावाला मोठेपणामुळे शिकावंच लागलं नव्हतं.

तात्पर्य : वयोगटाला तारीख लागतेच, आणि ती कुठेही ठरवली तरी कुणीतरी चार दिवसांनी चुकणारच. म्हणून ती तारीख खोटी करू नये, आणि तिने दिलेला मोठेपणा गुण समजू नये. पोरं निवडणाऱ्या प्रत्येकाने उंची बघण्याआधी जन्मतारीख बघावी, आणि मागे राहिलेल्या पोराला घरी पाठवण्याऐवजी मैदानावर ठेवावं.