मुळांभोवतीची वस्ती

सातपुड्याच्या दक्षिण अंगाचे पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशाच्या अमलाखाली राहिले आणि २०२३ साली त्यांचा स्वतंत्र जिल्हा झाला. परंतु सरकारदरबारी सरहद्दी कशाही आखल्या गेल्या, तरी येथील बोली मराठी, बागेतला संत्रा नागपुरी आणि त्याला ग्रासणारा डिंक्याही विदर्भातलाच. बुंध्याची साल उभी चिरते, तीतून डिंक पाझरतो, तंतुमुळे कुजतात आणि पाने पिवळी पडून झाड शेंड्याकडून वाळत येते. याचे कारण फायटोफ्थोरा, जिला व्यवहारात बुरशी म्हणतात, परंतु जी शास्त्रदृष्ट्या खरी बुरशी नव्हे; भारी काळ्या जमिनीत पाणी साचले की तिचे बीजाणू पोहत, ज्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात त्या जंभेरीच्या मुळांपर्यंत पोहोचतात.

साल खरवडून खोडाला बोर्डो मलम लावणे हा उपाय आदरणीय खरा. १८८५ च्या सुमारास मोरचूद आणि चुन्याच्या मिश्रणानेच फ्रान्समधील द्राक्षबागा तारल्या. परंतु तो खोडाचे रक्षण करतो, मुळांचे नव्हे. तेथील रक्षणासाठी स्यूडोमोनस फ्लुओरेसन्ससारखे जिवाणू उपयोगी पडतात: मुळांतून स्रवणाऱ्या शर्करेवर ते जगतात, मातीतील लोह आपल्या द्रव्यांनी बांधून रोगकारकास उपाशी ठेवतात, प्रतिजैविके सोडतात आणि मुख्य म्हणजे जागा आधीच व्यापून बसतात. एकाच शेतात वर्षानुवर्षे गहू घेतला असता त्याची मूळकुज प्रथम बळावून पुढे आपोआप ओसरते, असे जे अनेक देशांत आढळले, त्यामागे याच कुळातील जिवाणूंची वाढलेली वस्ती होती.

मात्र येथेच आपल्या विचाराची कसोटी लागते. मरणोन्मुख झाडाच्या आळ्यात जिवाणूंचे पुडके रिकामे करून, गुण आला नाही म्हणून त्यांना निरुपयोगी ठरवणे, हा विषाचा निकष सजीवाला लावणे होय. विष एकदा घालून विसरता येते; जिवाणूंना ओलावा, सेंद्रिय अन्न आणि ताम्रयुक्त द्रावणापासून अंतर लागते. म्हणून ते कुजलेल्या शेणखतातून, रोग दिसण्यापूर्वी, शक्य तर रोपवाटिकेतच दिले पाहिजेत. डोळ्याचा सांधा मातीच्या वर राखला पाहिजे आणि चर काढून पाण्याला वाट दिली पाहिजे. शिवाय वरच्या बागेचे पाणी खालच्या बागेत उतरते, आणि त्याबरोबर रोगही. सातबारा वा खसरा प्रत्येकाचा वेगळा असला, तरी मातीचे आरोग्य ही साऱ्या शिवाराची सामाईक जबाबदारी आहे. ती पत्करल्यावाचून कोणताही जिवाणू आपली बाग वाचवू शकणार नाही.