शेताच्या कडा

बायबल पहिल्या पानापासून वाचून काढायचा नव्या वर्षातला संकल्प बहुतेकांचा मोडतो तो लेवीय या पुस्तकापाशी. यज्ञबली, रक्त, कुष्ठाची लक्षणं, कोणता प्राणी खावा नि कोणता नाही, माणूस कंटाळतो. कंटाळा आवरून 19व्या अध्यायापर्यंत पोचलं, तर तिथे देव इस्राएली लोकांना सांगतो की मी पवित्र आहे, तेव्हा तुम्हीही पवित्र व्हा. आता कडक तपाचे नियम येणार असं वाटतं. येतं काय, तर पीक कापताना शेताच्या कडा गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडा. मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडकवून ठेवू नका. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका. वजनं-मापं खरी ठेवा. दोन प्रकारच्या धाग्यांचं कापड घालू नका, हेही तिथेच आहे. ते आज ख्रिस्ती घरात कोणी पाळत नाही आणि त्याची रुखरुखही कोणाला नसते.

या नियमांत एक मेख आहे. बहिऱ्याला शिवी ऐकूच जात नाही. आंधळ्याला दगड कोणी ठेवला ते दिसत नाही. मजुराचे पैसे उद्यावर ढकलले तर तो फार तर चरफडेल, कारण त्याला परवा पुन्हा काम हवंच असतं. जिथे पकडलं जायची भीती नाही, नेमकं तिथलं वागणं या अध्यायाने पवित्रतेच्या खात्यात मांडलं आहे.

आपल्याकडे मात्र पवित्र म्हटलं की आधी आठवतं ते सोवळं. कशाला शिवायचं नाही, कोणाच्या हातचं खायचं नाही. धर्म बदलला म्हणून ही सवय लगेच सुटत नाही, हे मराठीत लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राइतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचितच वाचायला मिळेल. त्यांचे पती नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षं माहेरच्या माणसांत वेगळ्या राहिल्या. पुढे नवऱ्याजवळ राहायला आल्या त्या आपलं सोवळं-ओवळं घेऊनच. चूल निराळी, पाणी निराळं. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. एक दिवस विचार करता करता त्यांचं त्यांनाच उमगलं की जातिभेद देवाने केलेला नाही, माणसांनी केला आहे, आणि कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं त्यांनी ठरवलं. हे त्यांच्या स्वतःच्या बाप्तिस्म्याच्या आधीचं. माझ्या मते ख्रिस्ती पवित्रता त्यांच्या घरात शिरली ती त्या दिवशी. विधी नंतर झाला.

याच पुस्तकात टिळकही दिसतात, आणि ते व्यासपीठावरचे रेव्हरंड टिळक नाहीत. हातात आलेला पैसा देऊन मोकळा होणारा हा माणूस, रागाच्या भरात घर डोक्यावर घेणारा. त्यांची श्रद्धा खरी होती याबद्दल लक्ष्मीबाईंना शंका नाही, पण त्या दानशूरपणानंतर चूल कशी पेटवायची हा प्रश्न त्यांच्याच पदरी पडे. संतपणाची साक्ष काढायची तर ती अशा घरच्या माणसाकडून काढावी. भक्तमंडळींना प्रवचन ऐकू येतं. घरच्यांना डबा रिकामा असल्याचं ठाऊक असतं.

मठात राहणाऱ्यांचीही या घरगुती कसोटीतून सुटका नव्हती. फ्रान्समधल्या लिझ्यूच्या कार्मेल मठातली तेरेझा 1897 मध्ये चोविसाव्या वर्षी वारली. तिने लिहून ठेवलेल्या हकिकतीत संध्याकाळच्या ध्यानाचा एक प्रसंग आहे. मागे बसणारी एक भगिनी सारखा चमत्कारिक आवाज करी, दोन शिंपले एकमेकांवर घासावेत तसा. मागे वळून तिच्याकडे डोळे वटारून बघावं असं तेरेझाला फार वाटे; स्वतःला आवरताना तिला घाम फुटे. शेवटी तिने तो आवाज टाळायचं सोडलं आणि तो संगीत ऐकावं तसा लक्ष देऊन ऐकायचं ठरवलं. ध्यान साधलं नाहीच. चर्चने पुढे हिलाच संत केलं.

हा प्रसंग मला आवडतो आणि त्याची धास्तीही वाटते. मठात तेरेझा स्वतःच्या हट्टाने गेली होती. तेच उदाहरण प्रवचनात वापरून एखाद्या सुनेला ‘सोस बाई, ख्रिस्तानेही सोसलं’ असं सांगितलं, की सोसणं तिच्या वाट्याला आणि पवित्रता घराण्याच्या नावावर जमा होते. करिंथच्या मंडळीला प्रेषित पौलाने पत्राच्या सुरुवातीला पवित्र जन म्हटलं, पण पुढे त्याच पत्रात प्रभुभोजनाला श्रीमंत आधी जेवून घेतात आणि गरीब उपाशी राहतात म्हणून चांगलं खडसावलं. उपाशी राहणाऱ्यांना त्याने सहनशीलतेचे धडे दिले नाहीत.

लेंतचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे, चाळीस दिवस मटणमासळी सोडणारी घरं आजही आहेत आणि त्यांच्या निग्रहाची मी चेष्टा करणार नाही. पण त्याच घरात महिनाअखेरीला कामवाल्या बाईचे खाडे मोजून पैसे कापले जातात, तिचा चहाचा कप ओट्याखाली निराळा ठेवलेला असतो. उपवास किती झाले हे पाळकांना सांगता येतं. खाडे किती कापले हे ती बाई सांगू शकेल, पण प्रार्थनासभेत साक्ष द्यायला तिला कोणी बोलावत नाही.