एवढ्याशा कारणानें

एखादें माणूस अकस्मात् कोसळलें, घर सोडून गेलें किंवा त्याहूनही कांहीं अनिष्ट करून बसलें, म्हणजे आपल्या मंडळींच्या तोंडून पहिला उद्गार निघतो तो हा कीं, ‘एवढ्याशा कारणानें!’ परीक्षेंत चार गुण कमी पडले. सासूबाई स्वयंपाकघरांत एक शब्द बोलल्या. वरिष्ठानें चारचौघांत कागद परत फेंकला. आणि तेवढ्यानें असें व्हावें? या उद्गारांत दुःख असतें, तसाच एक निवाडाही असतो. कारण क्षुल्लक, परिणाम भयंकर. तेव्हां दोष फुटणाराच्या कच्चेपणाचा, असा तो निवाडा होय. तो कितपत न्याय्य आहे हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. आणि या कामीं आम्हांस साहाय्य झालें तें कोणा तत्त्वज्ञाच्या ग्रंथाचें नव्हे, तर बंदुकीच्या रिकाम्या पितळी पुंगळीचें.

गोंदियाच्या आसमंतांतील अरण्यें एके काळीं शिकाऱ्यांना ठाऊक होतीं. पुढें नागझिरा 1970 सालीं अभयारण्य झालें, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस आळा घातला, आणि 2013 सालीं नवेगाव-नागझिरा हा व्याघ्र प्रकल्प ठरला. त्या रानांत आज शिकारीच्या बंदुकीस स्थान नाहीं, आणि तें नसावें हेंच योग्य. परंतु ज्या धातूविषयीं आम्हांस बोलावयाचें आहे तो या प्रदेशास परका नाहीं. 1 मे 1999 पर्यंत गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता, आणि भंडारा म्हटलें कीं पितळी भांडीं आठवावयाचींच. भांडें ठोकून घडविणाऱ्या कारागिराला ही गोष्ट सांगावी लागत नाहीं कीं, ठोक्यांनीं पितळ आकारास येतें तसें तें कडकही होत जातें. मधून मधून त्यास ताव दिला नाहीं, तर हंडा पुरा होण्यापूर्वींच त्याची कड उलते.

काडतुसाची पुंगळी याच कुळांतली. शंभरांत सुमारें 70 भाग तांबें व 30 भाग जस्त अशा पितळाची एक चकती घेतात, तिची वाटी करतात, आणि ती वाटी साच्यांतून खेंचीत खेंचीत लांब नळी करतात. बार उडतांच ही नळी फुगून बंदुकीच्या आंतल्या घरास घट्ट चिकटते, त्यामुळें ज्वाळा मागें येत नाहीं. दाब ओसरला कीं ती किंचित् आकसते, पण मूळ मापावर येत नाहीं. अमेरिकेंत नेमबाजीचे शौकीन एकच पुंगळी पुनः पुनः भरून वापरतात. (आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यान्वयें परवान्यावांचून हा उद्योग करतां येत नाहीं.) त्याकरितां फुगलेली पुंगळी पोलादी साच्यांत दाबून पुन्हां मापावर आणावी लागते, एरवीं तिचें तोंड नवी गोळी धरीत नाहीं. फुगणें आणि दाबलें जाणें असें कांहीं वेळां झालें म्हणजे एके दिवशीं मानेशीं बारीक उभी चीर दिसते. ज्याला पुंगळ्या जपावयाच्या असतात तो ही चीर पडण्याची वाट पाहत नाहीं. आधींच मानेस ताव देतो. मात्र तो मानेसच. बूड नरम झालें तर बाराचा दाब सोसणारें कांहीं उरत नाहीं, आणि तें बंदूक धरणाराच्या जिवावर बेततें.

आतां मुख्य प्रकरणाकडे वळूं. इंग्रजी अमदानींत हिंदुस्थानांतील लष्कराच्या कोठारांत एक चमत्कार दिसूं लागला. एकदांही न उडविलेलीं, कोणाचा धक्का न लागलेलीं, पेटींत नीट ठेवलेलीं काडतुसें पावसाळ्यांत आपोआप तडकत. इंग्रजांनीं या रोगास ऋतूचेंच नांव दिलें. नांव देतांनाच त्यांनीं निवाडा केला, हें वाचकांच्या ध्यानांत येईल: दोष हवेचा. पुढें मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या तिघांनीं 1921 सालीं याचा उलगडा प्रसिद्ध केला. काडतुसें पावसाळाभर घोड्यांच्या तबेल्यांत ठेवलेलीं असत. घोड्यांच्या मुतापासून निघणारा अमोनिया दमट हवेंत पितळास लागे, आणि तेवढ्यानें तें चिरे. पण अमोनिया लागलेलें सर्वच पितळ असें चिरत नाहीं. ज्याच्या अंगांत ताण शिल्लक आहे तेंच चिरतें. आणि तो ताण तबेल्यांतला नव्हता. तो कारखान्यांत, साच्यांतून खेंचतांना आंत राहिलेला होता. बाहेरून पुंगळी गुळगुळीत, मापांत अचूक, तपासनिसाच्या पसंतीस उतरलेली.

आपल्या भाषेंत ‘निमित्त’ हा एक शब्द आहे, आणि आपण तो रोज वापरतों. ‘निमित्ताला टेकला होता’ असें म्हणतांना खरें कारण दुसरीकडे आहे हें आपणांस मनांतून ठाऊक असतें. तरी शोध मात्र निमित्तापाशींच थांबतो, कारण पुढें गेलें तर तो आपल्याच कारखान्याच्या दाराशीं येतो. सासूबाईंचा तो शब्द अमोनियाएवढाच होता, हें आम्हांस मान्य आहे. आमचा प्रश्न इतकाच कीं, त्या मुलीस दहा वर्षें कोणीं कोणत्या साच्यांतून खेंचलें होतें?

यावर कोणी म्हणेल कीं, पितळ जड आहे, मनुष्यास इच्छाशक्ति आहे. एकाच घरांतलीं दोन भावंडें सारखींच वाढतात, एक तडकतें, दुसरें टिकतें. आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. मनुष्याचें सर्व वर्तन त्याच्या घडणीवर ढकलावें असें आम्हीही म्हणत नाहीं. परंतु ज्या इच्छाशक्तीच्या जोरावर आपण त्यास दोषी ठरवितों, तिचा पहिला उपयोग त्यानें काय करावा? ‘मला सोसवत नाहीं’ असें सांगावें. पितळास तें सांगतां येत नाहीं. मनुष्यास येतें, आणि नेमकें तेंच सांगूं नये असें आपण त्याला लहानपणापासून शिकवितों. ब्र न काढणाऱ्या मुलाची आपण पाहुण्यांपुढें स्तुति करतों. वाचा असलेल्या जीवास मुका करून पुढें त्याच्या फुटण्याबद्दल त्यालाच जबाबदार धरणें, हा न्याय आम्हांस तरी पटत नाहीं.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे, आणि तो सुशिक्षित आईबापांच्या मनांत खरोखर असतो. शिस्त लावूंच नये काय? मुलें लोण्यासारखीं मऊ ठेवावींत काय? चकती साच्यांतून गेलीच नाहीं तर ती चकतीच राहील, पुंगळी होणार नाहीं, हें उघड आहे. आणि नरम बुडाचा धोका आम्हीं वर सांगितलाच. पण इथेंच धातुशास्त्राची एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. पितळ सुमारें 250 ते 300 अंश सेल्सिअसपर्यंत हलकेंच तापविलें, तर आंतला ताण पुष्कळसा निघून जातो, आणि कडकपणा मात्र फारसा कमी होत नाहीं. ताण आणि कडकपणा ह्या एका वस्तूचीं दोन नांवें नव्हेत. आमच्या समाजांत शिस्तीविषयीं जो वाद चालतो त्यांत दोन्ही पक्ष त्यांना एकच समजतात: एक पक्ष ताण जाईल तर शिस्तही जाईल म्हणून भितो, दुसरा ताण घालविण्याकरितां शिस्तच टाकून देतो.

गोंदियाच्याच बाजूचें उदाहरण घ्या. देवरी किंवा आमगांवकडचा मुलगा शिक्षणाकरितां नागपुरास वा पुण्यास जातो. घरीं पोवारी किंवा झाडीबोली बोललेली. झाडीबोलींत ‘ण’चा ‘न’ होतो. ‘पानी’ म्हटल्याबरोबर वर्गांत हंशा पिकतो. मुलगा हुशार असेल तर तीन महिन्यांत ‘पाणी’ म्हणूं लागतो, आणि आपण त्याचें कौतुक करतों. सुटींत घरीं आला कीं आजीशीं पुन्हां ‘पानी’. दर खेपेस फुगावयाचें, दर खेपेस दबावयाचें. प्रमाणभाषा त्यानें शिकूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. ती त्यास उपयोगाची आहे. परंतु या घासाघाशीचा हिशेब कोणाच्या वहींत लिहिला जातो? पुंगळ्या भरणारांत याविषयीं एक जुना वाद आहे. कोणी फक्त तोंड मापावर आणतात व बाकीचें अंग जसें फुगलें तसें राहूं देतात. अशी पुंगळी आपल्याच बंदुकींत चालते, पण पुष्कळ टिकते. कोणी प्रत्येक वेळीं सगळें अंग दाबून सरकारी मापावर आणतात. ती कोणत्याही बंदुकींत जाते, पण दाब जरुरीहून अधिक झाला तर दर बारास बुडाजवळ ताणली जाऊन अखेर आडवी तुटते. आम्हांस वाटतें, मुलाचें तोंड जगाच्या मापावर यावें. सगळें अंग यावें हा आग्रह कशासाठीं, याचें उत्तर शाळांनीं एकदां द्यावें.

ताव देणें म्हणजे लाड करणें नव्हे. ज्यानें घडविलें त्यानेंच ‘तुला हें जड गेलें असेल’ असें म्हणणें, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसणें, इतकेंही पुष्कळ वेळां पुरतें. कारखान्यांत हें काम दया म्हणून होत नाहीं, तें घडणीचाच एक भाग असतें. आपल्या घरांत मात्र आठवडाभर आजोळीं पाठविलें तरी तो उपकार ठरतो, आणि परत आल्यावर बोलून दाखविला जातो.

ताव किती द्यावा याचें माप विचाराल, तर कारखान्यांत उष्णतामापकें असतात. घरच्या घरीं पुंगळ्या जपणारे कांहीं हौशी लोक एवढेंही सामान बाळगीत नाहींत. ते पुंगळीचें बूड आपल्याच बोटांत धरतात, मान मेणबत्तीच्या ज्योतींत फिरवितात, आणि बोटांस चटका बसूं लागला कीं ती पाण्यांत टाकतात.