जमेची बाजू

परवा जेवताना मी उगाचच एक सुस्कारा सोडला. म्हटलं, "काय ते दिवस होते आजी! पाट्यावर वाटलेलं पुरण, स्टोव्हवरचा चहा, आरेचं बाटलीतलं दूध आणि रेडिओवर विविध भारती!"

आता माझा जन्म १९८१चा आणि विविध भारती सुरू झाली १९५७ साली. पण हळहळायला स्वतः हजर असावं लागतं थोडंच?

आजी हजर होती. १९५६ साली लग्न होऊन ती गोरेगावात आली.

"दूध चालत येत नव्हतं," ती म्हणाली. "पहाटे केंद्रावर रांगेत मी असायचे. स्टोव्हला पिन मी मारायची, पुरण मी वाटायची. आणि विविध भारती ऐकायचे हे! मोरीत भांड्यांच्या आवाजातून मला जेवढी ऐकू येई, तेवढीच माझी."

मी पडलो कॉमर्सवाला. एकाकडे जमा झालं की दुसऱ्याच्या नावे पडतंच, हे रोज बँकेत बघतो. गेल्या दिवसांच्या बाबतीत मात्र आम्ही पुरुष फक्त जमेची बाजू वाचतो, कारण नावेची बाजू मोरीत बसलेली असते. मग दुसऱ्याच्या कष्टावर गोड झालेल्या दिवसांसाठी हळहळणं ही एक प्रकारची अफरातफरच नाही का?

"म्हणजे आठवणी काढूच नयेत?" मी विचारलं.

"मी काढते की! नळावरची रांग आठवते. तेवढाच वेळ आम्ही बायका एकमेकींशी बोलायचो. १९७२ साली महागाईविरुद्ध मृणालताईंचा लाटणं मोर्चा निघाला, तेव्हा जायचं ठरलं ते त्या रांगेतच. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, 'पोळ्या करून जा.'"

"मग?"

"केल्या. घरात लाटणं एकच होतं. पोळ्या झाल्या, धुतलं आणि तेच घेऊन गेले."

आजी हसली. माझा घास मात्र हातातच राहिला. तिच्या आठवणीत दोन्ही बाजू होत्या. म्हणून तिचा ताळेबंद जुळत होता.

"पाटा माळ्यावर आहे हो," आमची सौ. आतून म्हणाली.

रविवारी तो खाली काढला आणि पुरण वाटायला बसलो. वाटीभर पुरण होईपर्यंत खांदे भरून आले. ते दिवस काही केल्या आठवेनात.